चौतीस ठिकाणं, सहा दिवस आणि सासऱ्यांची शंका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिकागोहून गाडीने निघायचं, विस्कॉन्सिन फिरून सहा दिवसांत परत यायचं. गाडीत तुम्ही, बायको, १० वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले ७१ वर्षांचे सासरे. धबधबे बघून झालेत, वॉटरपार्क नकोत. बघायच्या आहेत त्या रस्त्याकडेच्या विक्षिप्त गोष्टी, आणि कुणीतरी एकट्याने आयुष्यभर खपून स्वतःच्या अंगणात उभी केलेली कामं. यादीत ३४ ठिकाणं आहेत. रोज सहा होतील का, आणि क्रम कसा लावायचा, असं तुम्ही विचारताय. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘सासरे म्हणतात, सिमेंटचे पुतळे बघायला एवढं पेट्रोल जाळायचं?’

मला यातला खरा प्रश्न सासऱ्यांचाच वाटतो. त्याच्याकडे येतेच.

मी मूळची साताऱ्याची, गेली २२ वर्षं मिलवॉकीजवळ राहते. पोटापाण्याचा धंदा काँक्रीट दुरुस्तीचा: पूल, पार्किंगच्या इमारती, जुन्या पाण्याच्या टाक्या. कामासाठी राज्यभर हिंडणं होतं आणि वाट वाकडी करून असली ठिकाणं बघायची सवय लागली, ती सुटली नाही. त्यामुळे माझं बघणं थोडं एकांगी आहे. पुतळ्याचा चेहरा मला नंतर दिसतो, तडा आधी.

थेट उत्तर: रोज सहा होणार नाहीत. ओढूनताणून केलीत तर तिसऱ्या दिवशी मुलगी गाडीतून उतरायला नाही म्हणेल, आणि ते तिचं बरोबरच असेल. पण घोळ आकड्यात नाही. तुमच्या यादीत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या गेल्यात. मी त्यांना घरगुती नावं ठेवलीत, दुकानवाले आणि अंगणवाले.

दुकानवाले म्हणजे तुम्हाला थांबवण्यासाठीच उभे केलेले. हमरस्त्यावर ताशी पन्नास-साठ मैलांनी जाणाऱ्या माणसाला थांबायचं की नाही हे ठरवायला काही सेकंदच मिळतात. तेवढ्यात त्याची नजर धरायची तर वस्तू अवाढव्य हवी, नाहीतर खुळचट तरी. तुमच्या यादीतला डीफॉरेस्टचा चष्मा घातलेला गुलाबी हत्ती त्यातलाच, पेट्रोलपंपाशेजारी उभा असलेला. इलिनॉयमधल्या विल्मिंग्टनचा हातात रॉकेट धरलेला हिरवा ‘जेमिनी जायंट’ही त्यातलाच. तो ‘मफलर मॅन’ घराण्यातला (मफलर म्हणजे इथे गाडीचा सायलेन्सर). कॅलिफोर्नियातल्या इंटरनॅशनल फायबरग्लास नावाच्या कारखान्याने १९६० च्या दशकात असे कितीतरी राक्षस बनवून देशभर विकले. मूळ साचा कुऱ्हाड धरलेल्या लाकूडतोड्याचा. म्हणून त्यांचा एक पंजा वर वळलेला असतो आणि एक खाली. पुढे कुऱ्हाड गेली, हातात कुठे सायलेन्सर आला, कुठे रॉकेट, पंजे मात्र तसेच राहिले. मुलीला हे आधी सांगून ठेवा आणि पंजे तपासायला लावा. असल्या ठिकाणी दहा मिनिटं पुष्कळ होतात: उतरायचं, हसायचं, फोटो काढायचा आणि पाय मोकळे करून निघायचं. यांना दिवसाच्या आराखड्यात जागा देऊच नका. ते वाटेत भेटतील तेव्हा भेटतील. हेवर्डचा १४३ फुटी मस्की मासा, ज्याच्या जबड्यात उभं राहता येतं, तो मात्र या खेपेला सोडा. मासा झकास आहे, पण तुमच्या वाटेपासून फार वर आहे.

दुकानवाल्यांत एक अपवाद आहे, तिथे दीड तास द्या. स्पार्टा गावाजवळ असे फायबरग्लासचे प्राणी बनवणारी फास्ट कॉर्पोरेशन नावाची कंपनी आहे, आणि कारखान्यामागच्या माळावर तिचे जुने साचे पडलेले असतात. हत्ती, मासे, गाई, राक्षसांची मुंडकी, सगळं उन्हापावसात, अर्धं गवतात बुडालेलं. साचा म्हणजे उलटा प्राणी. डोळ्याच्या जागी खोबण असते, तर खवल्यांची बाजू आतून असते. आतून मेण चोळायचं, त्यावर राळ आणि काचतंतूंचे थर द्यायचे, दोन्ही अर्धी सुकली की सोलून काढून जोडायची. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघताना तुमच्या सासऱ्यांनी बघितली असेल, तर त्यांना तिथे कुणी काही समजावून द्यायला लागणार नाही. दोन ताकिदी देते. बूट घोट्यापर्यंतचे हवेत, कारण गवतात पाणी साचतं आणि साच्यांच्या पोटात गांधीलमाश्या घर करतात. आणि साच्यांवर चढायचं नाही, जुनं फायबरग्लास हाताला कुसळासारखं टोचतं.

आता अंगणवाले. यांनी तुम्हाला बोलावलेलं नसतं. एक शेतकरी, एक पाव भाजणारा, एक लाकूडतोड्या, कसलंही कलाशिक्षण नाही, आणि एके दिवशी सुरू होतं ते मरेपर्यंत किंवा हात चालेनासे होईपर्यंत थांबत नाही. फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफेने १९४० च्या दशकात अशा कामाला ‘कच्ची कला’ अशा अर्थाचं नाव दिलं, इंग्रजीत १९७० च्या दशकात आउटसायडर आर्ट हा शब्द रुळला. मला तो फारसा पटत नाही. ही माणसं गावाच्या बाहेरची कधीच नव्हती, गावाने त्यांना वेड्यात काढलं असेल एवढंच.

फिलिप्स या उत्तरेकडच्या छोट्या गावातलं ‘विस्कॉन्सिन काँक्रीट पार्क’ तुमच्या यादीत सतराव्या क्रमांकावर आहे आणि पुढे ‘३० मि.’ लिहिलंय. ते खोडा. माझ्या मते अख्खी सहल या एका ठिकाणाभोवती बांधावी.

फ्रेड स्मिथचा जन्म १८८६ चा. आयुष्यभर जंगलात लाकूडतोड केली, जोडीला थोडी शेती, पुढे हायवे १३ लगत स्वतःचा गुत्ता चालवला. लिहितावाचता येत नव्हतं. साठी ओलांडल्यावर, साधारण १९४८ च्या सुमारास, गुत्त्याशेजारच्या जागेत त्याने सिमेंटचे पुतळे करायला घेतले आणि १९६४ मध्ये पक्षाघाताचा झटका येईपर्यंत २३७ केले. घोडे, हरणं, गाड्या हाकणारे, बिअर पिणारे, लिंकन, लोककथांतला धिप्पाड पॉल बनियन. आत लाकडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, त्यावर हाताने कालवलेलं सिमेंट, आणि ओल्या सिमेंटमध्ये खोचलेल्या काचा. काच आणायला त्याला लांब जायची गरजच नव्हती. गुत्त्यातल्या रिकाम्या बाटल्या होत्याच.

मी पहिल्यांदा गेले ती ऑक्टोबरातली सकाळ होती, पाइनच्या झाडांत धुकं अडकलेलं. लांबून सगळे पुतळे राखाडी, मातकट, जरा भीतीदायकच दिसत होते. एका घोड्याजवळ गेले. छातीवर तपकिरी बाटलीचे तुकडे, मध्येच एका बाटलीचं अख्खं बूड, त्यावर उमटलेली कारखान्याची बारीक अक्षरं अजून वाचता येत होती. बोट फिरवलं तर प्रत्येक तुकड्याच्या कडेशी सिमेंट किंचित वर आलेलं, अंगठ्याने दाबून बसवल्यासारखं. तेवढ्यात झाडांमधून ऊन आलं आणि ती तपकिरी काच मधासारखी पेटली, एका घोड्यावरून दुसऱ्यावर. पाचेक मिनिटं तो खेळ चालला. म्हणून सांगते, इथे दुपारी बाराला जाऊ नका. आदल्या संध्याकाळी पोचा, मुक्काम आसपास करा, तेव्हा एकदा बघा आणि सकाळी पुन्हा एकदा. फी नाही, दिवसाउजेडी कधीही जाता येतं.

आता थोडं धंद्याचं बोलते, कारण हे कळलं तर बघायची मजा दुप्पट होते. काचेला सिमेंट नीट धरत नाही. काच गुळगुळीत असते, त्यामुळे पकड येते ती फक्त कडांची. काचेमागे केसाएवढी फट पडली की पाणी शिरतं, उत्तरेत त्याचा बर्फ होतो, बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि तुकड्याला आतून ढकलतं. असे गोठणं-वितळणं एका हिवाळ्यात किती वेळा होतं याचा हिशोबच नको. शिवाय काच म्हणजे सिलिका आणि सिमेंटमध्ये अल्कली. ओलावा मिळाला की या दोघांतून एक चिकट जेल तयार होतं, तेही फुगतं. आत लोखंड असेल तर गंज फुगतो, लाकूड असेल तर ते कुजतं. थोडक्यात, फ्रेडने केलेली प्रत्येक गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात ‘असं करू नये’ या सदरात मोडते. आणि नेमक्या त्याच गोष्टींमुळे आपण तिथे गाडी वळवतो.

मग ते टिकलं कसं? खरं म्हणजे एकदा जवळजवळ गेलंच होतं. फ्रेड १९७६ मध्ये वारला, कोहलर फाउंडेशनने जागा घेतली, दुरुस्ती सुरू झाली, आणि ४ जुलै १९७७ ला आलेल्या प्रचंड वादळात झाडं पडून बहुतेक पुतळ्यांची मोडतोड झाली. पुतळे फुटले तेव्हा आतली कुजलेली लाकडं उघडी पडली. ती बदलून, सांधून, काचा पुन्हा बसवून सगळं उभं केलं आणि मग ते प्राइस काउंटीच्या हवाली केलं. कोहलर म्हणजे नळ आणि कमोडवाले कोहलरच. या राज्यातली बरीचशी अंगणं त्यांच्यामुळे वाचली: जागा विकत घ्यायची, नीट करायची, स्थानिकांच्या हातात द्यायची. तुम्ही उभे राहून बघाल तेव्हा नीट पाहा, मूळ सिमेंट कुठलं आणि डागडुजीचं कुठलं ते रंगावरून ओळखता येतं. मुलीसाठी हा मफलर मॅनच्या पंजांपेक्षा कठीण खेळ आहे.

सासऱ्यांकडे येते. पुण्याचे आहेत म्हणजे त्यांनी गच्चीवर चायना मोझेक करून घेतलं असणार, निदान करताना बघितलं असणार. फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे, मध्ये उगाच एखादा निळा किंवा कपबशीचा फुलाफुलांचा, आणि मिस्त्रीला लहर आली तर कोपऱ्यात एक कमळ. त्यांना ‘कला बघायला जाऊ या’ म्हणू नका. ‘इथल्या एका पाद्र्याने गच्चीवरचं काम देवळावर कसं केलंय ते बघू या’ म्हणा, आणि डिकीव्हिलला न्या.

हे डिकीव्हिल नैऋत्य कोपऱ्यात, आयोवाच्या सीमेजवळ आहे. फादर मथायस वेर्नरस यांनी १९२५ ते १९३० या काळात चर्चच्या आवारात गुहेच्या आकाराची देवघरं, कमानी आणि कुंपणं उभी केली. सगळ्यावर दगड, शिंपले, रंगीत काच, चिनी मातीचे तुकडे. एक इंच जागा मोकळी नाही. त्यांच्याआधी आयोवातल्या वेस्ट बेंडला फादर डॉबरस्टाइन यांनी १९१२ पासून असंच काम चालवलं होतं. खरी गंमत पुढे आहे. डिकीव्हिलला लोक रविवारी गाड्या भरभरून यायला लागले. त्यांतले काही जण घरी गेले आणि सिमेंटचं पोतं आणून स्वतःच्याच अंगणात कामाला लागले. कॅटरॅक्टच्या पॉल आणि माटिल्डा वेग्नर या जर्मन जोडप्याने अंगणात काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं इवलंसं चर्च बांधलं. हॉलंडेलच्या निक एंगलबर्ट या दूधवाल्या शेतकऱ्याने बाग तर भरलीच, राहतं घरही काचा-कपबश्यांनी मढवून टाकलं. एका मंडळाचा देखावा बघून शेजारच्या आळीत दुसऱ्या वर्षी तसाच उभा राहतो ना, तसं. साधनंही हाताशी होती. पोर्टलंड सिमेंट स्वस्त झालेलं, गोठ्याच्या जमिनी आणि धान्याचे सायलो बांधून शेतकऱ्यांना ते कालवता येत होतं, आणि हिवाळे लांबलचक. म्हणून म्हणते, ही माणसं ‘बाहेरची’ नव्हती. ती एकमेकांचं बघत होती.

पेट्रोल जाळण्यासारखं आहे का, याचं माझ्याकडचं उत्तर हेच: सासऱ्यांना एकेक पुतळा दाखवू नका, ही साखळी दाखवा. हॉलंडेलचं ‘ग्रँडव्ह्यू’ आणि डिकीव्हिल एकाच दिवशी होतं, तासाभराच्या अंतरावर. आधी हॉलंडेल, मग डिकीव्हिल बघितलं तर सासरे स्वतःच म्हणतील, ‘अरे, याने तिथलं उचललंय.’

सुरुवात मात्र शेबॉयगनपासून करा. तिथे २०२१ च्या जूनमध्ये ‘आर्ट प्रिझर्व्ह’ उघडलं. जॉन मायकल कोहलर आर्ट सेंटरचा हा तीन मजली भाग आहे, आणि जी अंगणं-घरं जागेवर टिकवता आली नाहीत त्यांतला ऐवज तिथे ठेवलाय. हे सगळं ज्यांनी रेटलं त्या रूथ कोहलर उघडण्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये गेल्या. प्रवेश मोफत. मिलवॉकीच्या एका बेकरीत काम करणाऱ्या यूजीन फॉन ब्रूनखनहाइनने कोंबडीच्या हाडांपासून केलेली इवली सिंहासनं तिथे आहेत. नेब्रास्काच्या एमरी ब्लॅगडनची तारा, वर्ख आणि दिव्यांची ‘उपचारयंत्रं’ आहेत. आईवडील कर्करोगाने गेल्यावर त्याला वाटलं, अशा रचनेतून माणसाला बरं करणारी शक्ती निर्माण होते, आणि १९८६ मध्ये मरेपर्यंत तो ती बांधत राहिला. या खोलीत मुलं हमखास गप्प होतात. माझी दोन्ही झाली होती.

आणि तिथे नेकचंद आहेत. चंदीगडच्या रॉक गार्डनचे नेकचंद सैनी. फाळणीत घर सुटलेले, सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचं आखीवरेखीव शहर उभं राहताना पाडलेल्या गावांचा जो राडारोडा निघाला, तो सायकलवरून वाहून नेऊन या माणसाने सुखना तलावाजवळच्या संरक्षित जंगलात १८ वर्षं चोरून एक राज्य वसवलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सरकारला पत्ता लागला, ते पाडायची भाषा झाली, लोक आडवे आले आणि १९७६ मध्ये बाग सगळ्यांसाठी उघडली. त्यांच्या कितीतरी मूर्ती पुढे शेबॉयगनच्या संग्रहात आल्या. माझी आई इथे आली होती तेव्हा मी तिला न सांगता नेलं. ती इतर दालनांतून ‘हं, छान आहे’ करत चालली होती. नेकचंदांनी घडवलेल्या बायकांच्या मूर्ती रांगेत उभ्या दिसल्या तशी थबकली, वाकली, चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘अगं, या तर बांगड्या!’ त्या बांगड्याच होत्या. फुटक्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे एकाखाली एक लावून केलेलं नेसणं. कुठला तुकडा लग्नातल्या चुड्याचा, कुठला रोजच्या वापरातला, हे ती मला सांगत बसली. त्यानंतर फिलिप्सच्या बाटल्या तिला काही परक्या वाटल्या नाहीत. तुमच्याही गाडीत सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचं मन वळवायचंय, म्हणून पहिला दिवस शेबॉयगन.

वेळ उरला तर त्याच गावालगत जेम्स टेलेनची छोटी वनराई आहे. फर्निचरच्या कारखान्यातला कामगार, त्याने झाडांत केलेल्या सिमेंटच्या मूर्ती. अर्धा तास. आणि आर्ट सेंटरच्या गावातल्या मुख्य इमारतीतली स्वच्छतागृहं चुकवू नका, कलाकारांनी केलेली आहेत. कमोडवाल्यांचं गाव म्हटल्यावर तेवढं आलंच.

बॅराबूच्या दक्षिणेचं ‘फॉरेव्हरट्रॉन’ तुमच्या मुलीचं ठिकाण. टॉम एव्हरी हा जुने कारखाने पाडून भंगार काढणारा माणूस. त्याने १९८३ पासून त्याच भंगारातून सुमारे ३०० टनांचं यंत्र उभं केलं, ५० फूट उंच, आणि त्यासोबत एक गोष्टही रचली: डॉक्टर एव्हरमोर नावाचा व्हिक्टोरियन काळातला शास्त्रज्ञ तांब्याच्या अंड्यातल्या काचगोळ्यात बसून विजेच्या झोताने स्वर्गात जाणार. तिथे एडिसनच्या काळातले डायनॅमो आहेत, आणि मोडक्या वाद्यांपासून केलेल्या पक्ष्यांचा अख्खा बँड आहे. इथे मुलीला मोकळं सोडा, कुठला भाग आधी कशाचा होता ते तिला ओळखू द्या. सासऱ्यांना खुर्ची घेऊन बसवा.

जवळच स्प्रिंग ग्रीनला ‘हाउस ऑन द रॉक’ आहे. इथे माझं उत्तर ‘परिस्थितीवर अवलंबून’. अॅलेक्स जॉर्डनने खडकावर बांधलेलं घर, त्याला जोडून दालनामागून दालनं, दरीवर २१८ फूट अधांतरी गेलेली खोली, २६९ प्राण्यांचं फिरतं चक्र ज्यात घोडा एकही नाही. अचाट आहेच. पण चालणं खूप, उजेड कमी, आवाज कर्कश, आणि तिकिटाचे पैसे चौघांचे मोजले तर टोचतात. माझ्या हिशोबी तो अंगणवाल्याचा सदरा घातलेला दुकानवाला आहे. सासऱ्यांचे गुडघे चांगले असतील आणि बाहेर पाऊस पडत असेल तर जा. ऊन असेल तर तो वेळ हॉलंडेलला द्या.

तुमच्या यादीतलं एक ठिकाण मात्र काढून टाका: फॉक्स पॉइंटचं मेरी नोल यांचं घर, ज्याला पोरं ‘चेटकिणीचं घर’ म्हणतात. ते लोकांसाठी उघडं नाही, शांत वस्तीत आहे, आणि दारासमोर थांबणाऱ्या गाड्यांचा तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं ताप झालाय. बाईंनी शिकागोच्या नामांकित कलाशाळेत शिक्षण घेतलं होतं, त्यामुळे ‘आउटसायडर’ही नव्हेत. त्यांची कामं शेबॉयगनला निवांत बघायला मिळतील.

यावरून एक नियम: खाजगी जागा असेल तर आदल्या दिवशी फोन. मी एकदा चार तास गाडी हाकून एका अंगणाशी पोचले तर फाटकाला साखळी आणि आत अर्धे पुतळे ताडपत्रीत गुंडाळलेले. मालक वारला होता आणि मुलांना ते नको होतं. माझ्या फोनमधल्या नकाशावर ठिकाण ‘उघडं’ दाखवत होतं. पुढच्या वर्षी तिथे नुसतं गवत होतं. नकाशावरच्या ताऱ्यांपेक्षा ठिकाणाचं स्वतःचं पान आणि अगदी अलीकडे टाकलेले फोटो बघा.

बाकी परिस्थितीवर सोडायच्या गोष्टी. आर्ट प्रिझर्व्ह आणि फॉरेव्हरट्रॉन आठवड्यातून काही दिवस बंद असतात, तेव्हा निघायचा वार या दोघांचे उघडे दिवस बघून ठरवा, हॉटेलच्या दरावरून नको. सप्टेंबरअखेरीस उत्तरेत झाडांना रंग चढलेले असतात, म्हणून फिलिप्सच्या बाजूची खोली लवकर धरा. संध्याकाळ पडली की हरणं रस्त्यावर येतात, त्यामुळे दोनपदरी रस्त्यांवरचं गाडी चालवणं अंधाराआधी संपवायचं. शाकाहारी असाल तर उत्तरेत हाल आहेत. ताजे चीज कर्ड्स, म्हणजे चीजचे छोटे गोळे, मिळतील, दातांखाली चुंईचुंई करतात, पण सहा दिवस त्यावर निघत नाहीत. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेते.

तर उजळणी अशी. पहिला दिवस शेबॉयगन. दुसऱ्या दिवशी लांबची मजल मारून संध्याकाळी फिलिप्स. तिसऱ्याची सकाळ पुन्हा तिथेच, मग खाली स्पार्टा. चौथ्या दिवशी साचे आणि कॅटरॅक्टचं काचेचं चर्च, मुक्काम बॅराबू. पाचवा फॉरेव्हरट्रॉन, आणि हवामान बघून खडकावरचं घर. सहावा हॉलंडेल, डिकीव्हिल आणि घर. नऊशे-साडेनऊशे मैल होतील. अंगणं सहा-सात, दुकानवाले वाटेत सापडतील तेवढे. चौथ्या दिवशी अंगात दम असेल तर मिसिसिपीकाठच्या कॉक्रेनला हर्मन रश या शेतकऱ्याची ‘प्रेअरी मून’ बाग आहे, २६० फुटांच्या कमानदार कुंपणाची. जाऊन-येऊन अडीच-तीन तास जास्त लागतील.

मी स्वतः हे ठिकाण एरवी पहिल्या फेरीत सुचवत नाही, पण तुमच्या गाडीत सासरे आहेत. हर्मन रशचा जन्म १८८५ चा. शेतीतून निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना म्हणून सिमेंटला हात घातला, तेव्हा सत्तरी उलटून गेली होती, आणि पुढे बरीच वर्षं कमानीला कमान जोडत राहिला. सासऱ्यांना हे आधी सांगू नका. कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून होऊ द्या, मग वय सांगा. आणि पुण्यातल्या त्यांच्या गच्चीचं काम कुणी केलं होतं, तेवढं विचारून मला नक्की कळवा.